आधी माझं नाव घ्या

कॉलेज कोण चालवतं, असं विचारलं तर लोक प्राचार्यांचं नाव घेतात. जरा माहीतगार असले तर संस्थेच्या अध्यक्षांचं. पण वर्गात काय शिकवायचं, कुणाची टर्म मंजूर करायची, कुठल्या प्राध्यापकाला कायम करायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, हे शिकवणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवावं असं आम्ही काही जण मानत होतो. नारळाला आमच्याकडे तोटा नव्हताच. तो कुणाच्या हातून दिला जावा, एवढाच वाद होता.

आमचं कॉलेज म्हसळ्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. साठ सालाच्या थोडं आधी एका सुपारीच्या वखारीत ते सुरू झालं. मी इतिहास शिकवायला गेले तेव्हा शिकवणाऱ्यांत बाई म्हणून मी एकटीच होते. अध्यापक सभेची चिटणीस मला केलं, ते माझी हुशारी बघून नव्हे. 'बाईंचं अक्षर चांगलं आहे' असं प्राचार्य म्हणाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या अक्षरापायी पुढची पुष्कळ वर्षं मी प्रत्येक सभेत बसले. भांडणं ऐकली, रुसवे ऐकले, आणि एका सभेत असं काही ऐकलं की हातातला टाकदेखील पुढे सरकेना.

ते सांगण्याआधी टिपणीस सरांबद्दल सांगायला हवं.

सर गणिताचे. उंच, किडकिडीत, कोटाची सगळी बटणं लावणारे. वडील रेल्वेत होते. त्यांची बदली लाहोरला झाली म्हणून मुंबईला बी.ए. झाल्यावर सर तिकडे गेले, एम.ए. तिथं केलं, आणि फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले, एवढं आम्हाला ठाऊक होतं. प्रमाणपत्रं तिकडेच राहिली. तशी कितीतरी माणसं त्या काळात आली होती. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगितलं की विद्यापीठ मान्य करी. सरांचंही तसंच झालं होतं. लाहोरबद्दल ते कधी बोलत नसत, आणि असल्या गोष्टी कुणी खोदून विचारत नसे.

सर वर्गात पुस्तक न घेता जायचे. पहिल्या वर्षी संस्थेचे कार्यवाह भाऊसाहेब, दिवेआगरचे नारळी-सुपारीचे मोठे वाडीवाले, एकदा त्यांच्या वर्गात जाऊन बसले आणि बाहेर येऊन प्राचार्यांना म्हणाले, "माणूस बरा आहे हो, पण हातात पुस्तक नाही. म्हणजे मनचंच सांगतो की काय?"

आम्ही हसलो. मात्र त्याच भाऊसाहेबांनी थोड्याच दिवसांत एका तरुण प्राध्यापकाला एका रात्रीत घरी बसवलं. त्याचा गुन्हा इतकाच, की संस्थेच्या मंडळातल्या एकाच्या पुतण्याला त्याने नापास केलं होतं. सकाळी त्याची खुर्ची रिकामी. कारण विचारायला टिपणीस सर एकटे गेले. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "त्यांचं शिकवणं आम्हाला पसंत नाही."

"तुम्ही कधी ऐकलंत?"

"ऐकायला कशाला हवं? कळतं."

त्या दिवसापासून सरांनी ध्यास घेतला. शिकवणाऱ्याची पारख शिकवणाऱ्यांनीच करायची. वर्षभर भांडून त्यांनी संस्थेकडून ते मान्य करून घेतलं. रीत अशी ठरली. नव्या प्राध्यापकाची दोन वर्षं झाली की दोन जुने प्राध्यापक न सांगता त्याच्या वर्गात जाऊन बसणार. त्याने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा वाचणार. मग सभेत बोलणं होणार, आणि ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याने तेवढा वेळ बाहेर थांबायचं. सभा ठरवेल ते संस्थेने मानायचं. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: पदवी पुरी नसेल तर कायम करायचं नाही. वर्गातलं शिकवणं कितीही चांगलं असो.

हा शेवटचा नियमही सरांचाच. ते म्हणत, "एकदा इथं सूट दिली की उद्या भाऊसाहेबांचा भाचा मॅट्रिकवर प्राध्यापक होईल." खरंच होतं ते.

त्या नियमाने पहिला बळी घेतला खतीबांचा. खतीब म्हसळ्याचे. भूगोल शिकवायचे, आणि असा शिकवायचे की वाऱ्यांचा धडा ऐकायला दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी येत. त्यांचा एम.ए.चा प्रबंध अडला होता. एक वर्ष द्या, असं आम्ही बरेच जण म्हणालो. सर हलले नाहीत. "नियम माणूस बघून वाकत नाही." खतीब आफ्रिकेला चुलत्यांकडे निघून गेले. जाताना ते सरांनाही भेटून गेले. मला सरांचा तेव्हा राग आला होता, आणि आदरही वाटला होता.

आता चोगल्यांकडे येते.

चोगले आमच्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला मुलगा, बंदराजवळच्या कोळीवाड्यातला. वडील नाखवा, स्वतःची होडी. मुलगा गणितात बी.ए. झाला, एम.ए.साठी मुंबईला राहिला, आणि सरांनीच त्याला आपल्या हाताखाली तात्पुरतं बोलावून घेतलं. अट ही की दोन वर्षांत एम.ए. पुरं करायचं. सगळे पेपर झाले, एकच राहिला होता. तो द्यायला तो मुंबईला जाऊन पोचला, तर मागोमाग निरोप: वादळात वडिलांची होडी सापडली आहे, पत्ता नाही. पोरगा परीक्षा टाकून पहिल्या मिळेल त्या लाँचने परत आला. आई आणि तो बंदरावर बसून राहिले. काही दिवसांनी नाखवा आले, दूर दक्षिणेच्या एका बंदरात होडी लागली होती म्हणत. ते धडधाकट होते. मुलगा समोर दिसताच ते आधी ओरडले ते असे, "मी जिता हाय का मेलाय ते बघाया परीक्षा कशापायी सोडलीस रं? मी काय पहिल्यांदा गेलो व्हतो दर्यात?"

बाप परत आला, पेपर गेला. त्यातच दोन वर्षं पुरी झाली.

सभेच्या आदल्या आठवड्यात भाऊसाहेबांनी चोगल्याला बोलावून घेतलं. त्यांना तो हवा होता, कारण कोळीवाड्यातली मुलं त्याच्यामुळे कॉलेजात येऊ लागली होती. ते म्हणाले, "लिहून दे, की परीक्षा दिलीय, निकाल यायचाय. पुढचं मी बघतो."

चोगले म्हणाला, "न्हाय भाऊसाहेब. राहिलाय तो राहिलाय."

घाबरला की तो घरची बोली बोलायचा. या भेटीचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबच चिडून स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले. "हरिश्चंद्राचा अवतार!" टिपणीस सर तेव्हा खिडकीशी बसले होते. पुढचा तास त्यांनी घेतला नाही, एवढं मला आठवतं, कारण सरांनी तास न घेणं ही आमच्याकडे बातमी होती.

सभा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुपारी. चोगले रीतीप्रमाणे बाहेर व्हरांड्यात बाकावर. प्राचार्यांनी वर्ग पाहिलेल्यांचा अभिप्राय विचारला. वर्ग पाहिला होता संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी आणि इंग्रजीच्या काळ्यांनी. दोघांनीही भरभरून सांगितलं. मग काळे थांबले. काळे म्हणजे सरांचे जिवलग. संध्याकाळी वाळूवर दोघं रोज फिरायला जात.

"पण पदवी पुरी नाही," काळे म्हणाले. "नियम सरांचाच आहे. खतीबांना लावला तो चोगल्यांनाही लागायला हवा. मला वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग दिसत नाही."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. ते 'बरोबर' म्हणणार आणि विषय संपणार, असं गृहीत धरून मी तसं लिहायलाही घेतलं होतं.

सर उभे राहिले. आमच्या सभेत कुणी उभं राहून बोलत नसे.

"नियम लावायचाच तर आधी माझं नाव घ्या. मी एम.ए. नाही."

कुणीतरी हसलं. सर कधी विनोद करत नसत, म्हणून तर हसलं. मग हसू आपोआप थांबलं.

"लाहोरला मी अभ्यास केला. परीक्षेला बसलो. सुरुवातीचे पेपर दिले. मग शहर पेटलं आणि केंद्र बंद झालं. परीक्षा पुरी झालीच नाही. मुंबईत आल्यावर नोकरीसाठी विचारलं, एम.ए. आहात का? माझ्यापुढे रांगेत उभे असलेले सगळे हो म्हणत होते, त्यातले बहुतेक खरंच होते. मीही हो म्हणालो. शपथेवर म्हणालो."

खोलीत पंखा नव्हता. बाहेर माडांचा आवाज तेवढा येत होता. प्राचार्यांचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला होता. त्यांनी तो कधी खाली ठेवला ते मला दिसलं नाही. ज्या माणसाने आम्हाला नियम म्हणजे काय ते शिकवलं, तो माणूस सांगत होता की त्या नियमाने तो स्वतः पहिल्या दिवशीच बाहेर गेला असता.

प्राचार्य हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे लिहू नका."

"बाई, लिहा," सर म्हणाले.

मी दोघांकडे बघत राहिले. अखेर लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

"आणि एक ऐका," सर पुढे म्हणाले. "चोगले आणि मी, दोघांना एका मापाने मोजू नका. त्याचा पेपर राहिला, त्याने तसं सांगितलं. खोटं लिहून द्यायला सांगितलं तरी दिलं नाही. माझा पेपर राहिला, मी खोटं बोललो. खतीबांचा प्रबंध राहिला, त्यांनीही खरंच सांगितलं, आणि त्यांना मी घालवलं. मी. पदवी नसलेल्याने. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण खरं बोलणाऱ्याला थोडी मुदत मिळाली पाहिजे, एवढी जागा त्यात मी ठेवायला हवी होती. ती का ठेवली नाही, ते आता तुम्हाला कळलं असेल. त्या जागेकडे बघायचीच मला भीती वाटायची."

एवढं बोलून ते बाहेर गेले. ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याने बाहेर थांबायचं, ही त्यांचीच रीत.

सरांच्या मागे दार अर्धवट उघडं राहिलं. चोगले बाकावरून उठला. आतलं काही त्याने ऐकलं नव्हतं. सरांचा चेहरा पाहून त्याला वाटलं, आपलाच निकाल लागला. तो म्हणाला, "सर, मी जातो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." सर त्याला म्हणाले, "बस." आणि दोघं शेजारी शेजारी बसले. निवाड्याची वाट बघत.

मी उठून दार लोटून घेतलं. पहिल्यांदा बोलले काळे, आणि त्यांच्या बोलण्याने मी दुसऱ्यांदा हादरले.

"आजच जायला हवं त्यांनी. आजच. विद्यापीठाला आपणच कळवायचं."

शास्त्रीबुवा भडकले. "रोज गळ्यात गळे घालून फिरत होतात ना? सगळ्या जिल्ह्यात असा शिकवणारा दाखवा."

"म्हणूनच," काळे म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "इतकी वर्षं रोज फिरलो, आणि मला सांगितलं नाही." मग बऱ्याच वेळाने ते शांत होऊन म्हणाले, "पद खोट्यावर मिळालं, ते गेलंच पाहिजे. पण त्यांची बी.ए. खरी आहे. ट्यूटर म्हणून राहू दे. चोगल्यांना मुदत देऊ, तशी त्यांनाही देऊ. बसू दे परीक्षेला."

"या वयात?" प्राचार्य म्हणाले.

"या वयात."

तसंच ठरलं. चोगल्याला मुदत, विद्यापीठाला कळवणं, आणि सरांना ट्यूटरची जागा, त्यांना हवी असेल तर. आत बोलावून सांगितल्यावर सर नुसते "बरं" म्हणाले. चोगले मात्र भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला काय झालं ते कळायला बराच वेळ लागला.

मला वाटलं होतं, खरा गहजब संस्था करील. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले ते गरजतच, पण भलत्याच कारणासाठी.

"तुम्हाला वेड लागलंय का? विद्यापीठाला कळवायला कुणी सांगितलं? डिग्री कुणी मागितली होती? पोरं पास होतायत ना! बाई, ते पान फाडा आणि टिपणिसांना उद्या वर्गावर पाठवा."

ज्या माणसाने एका निरपराध प्राध्यापकाला रातोरात घालवलं, तोच आज खोट्या प्रतिज्ञेवर पांघरूण घालायला निघाला होता. दोन्ही वेळा त्याला वाटत होतं की शिकवणाऱ्यांचं बरंवाईट ठरवणं हे त्याचं काम आहे. आमचे प्राचार्य तसे पडखाऊ. पण त्या दिवशी ते म्हणाले, "भाऊसाहेब, सभेने ठरवलंय. तुम्ही मान्य केलेल्या रीतीनंच." आणि घाम पुसत बसले.

विद्यापीठाने सरांची मान्यता काढून घेतली, कॉलेजचेही कान उपटले, पण प्रकरण कोर्टात नेलं नाही. गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. काही पालकांनी मुलांना माणगावकडे पाठवायची भाषा केली. सर मात्र रोज वेळेवर यायचे, कोटाची बटणं लावून, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची उदाहरणं तपासत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायचे. काळे त्यांच्याशी बोलत नसत. फिरायलाही दोघं जाईनात.

पुढल्या वर्षी चोगले आणि टिपणीस सर एकाच लाँचने परीक्षेला मुंबईला गेले. चोगल्याचा राहिलेला पेपर, सरांचे सगळे. चोगले सांगायचा, हॉलमधला पर्यवेक्षक सरांना म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबावं." सरांनी आपला प्रवेशक्रमांक दाखवला आणि जागेवर जाऊन बसले.

निकाल आला. चोगले चांगल्या गुणांनी पास. सर नापास.

आमच्यापैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. अभ्यासक्रम बदलला होता, काही विषय त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, हे खरं. पण सर नापास? ज्यांच्या हाताखालून चोगले निघाला, ते? मग आम्ही इतकी वर्षं 'पदवी, पदवी' म्हणून जे मापत होतो, ते होतं तरी काय? त्या दिवशी काळे पहिल्यांदा उठून त्यांच्या कोपऱ्यात गेले आणि समोर बसले. मग सर म्हणाले, "नवं बीजगणित फार सुंदर आहे, काळे. मला ठाऊकच नव्हतं." संध्याकाळी दोघं फिरायला गेले.

दुसऱ्या खेपेला सर पास झाले. चोगल्याकडून शिकून. नव्या विषयांची पुस्तकं घेऊन ते कोळीवाड्यात त्याच्या घरी जाऊन बसत, आणि नाखवा बायकोला सांगत, "सर आलंत, म्हावरं शिजवू नको आज." सर म्हणायचे, "शिजवा हो, मला वासाचं काही नाही."

पास झाल्यावर विद्यापीठाच्या परवानगीने त्यांची नेमणूक झाली, पण नवा प्राध्यापक म्हणून. मग दोन वर्षांनी रीतीप्रमाणे त्यांचा वर्ग पाहायचा आला. गणिताचा विभाग तोवर चोगल्याकडे होता. त्याच्याबरोबर सभेने मला पाठवलं. चोगले आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मला नका पाठवू. मी काय सांगणार सरांना?" मी म्हटलं, "खरं काय ते सांग. तुला त्याची सवय आहे."

वर्ग पाहिला. मला गणितातलं कळत नाही, पण फळ्यावर एक एक पायरी उलगडत गेली तशी मीसुद्धा ओढली गेले. बाहेर आल्यावर सर आमच्यापुढे उभे राहिले, एखाद्या उमेदवारासारखे.

"काय चुकलं, सांगा."

मी म्हटलं, "काही नाही सर." चोगल्याचे कान तांबडे झाले होते.

"चोगले?"

"सर, तुम्ही प्रश्न विचारता," तो खाली बघत म्हणाला, "आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देऊन टाकता."

सर गोंधळले. "मी? मला हे कधी कुणी सांगितलं नाही."

"भाऊसाहेबांशिवाय तुमच्या वर्गात येऊन बसलंच कोण होतं, सर? तुम्ही सगळ्यांचे वर्ग बघितलेत, तुमचा कुणी बघितला नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "मी विद्यार्थी होतो तेव्हा मला यायचं उत्तर. नेहमी यायचं. तोंड उघडेस्तोवर तुम्ही फळा पुसलेला असायचा."

सर लाहोरची गोष्ट सांगत होते तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला होता. तेव्हाही तो असा पडला नव्हता. ते "अच्छा" म्हणाले आणि खडूने पांढरे झालेले हात बघत व्हरांड्यातून निघून गेले. मला चोगल्याचा राग आला. म्हटलं, इतकं कशाला बोलायचं?

त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी त्यांच्या वर्गावरून जात होते. आत आवाजच नव्हता. सरांचा वर्ग आणि शांत! त्यांना काही झालं की काय, म्हणून मी घाईने दारातून डोकावले.

सर फळ्यापाशी उभे होते, हातात खडू, मुलांकडे तोंड करून. वाट बघत होते. मुलं एकमेकांकडे बघत होती. त्यांनाही याची सवय नव्हती. सरांच्या बोटांची चुळबूळ चालली होती. खडू एकदा फळ्याकडे गेला, आणि त्यांनी तो परत खाली घेतला.

शेवटी मुलींच्या बाकावरून एक मुलगी चाचरत उठली आणि काहीतरी बोलली. ते चूक होतं, हे वर्गात उठलेल्या हसण्यावरून मलाही कळलं.

सर हसले नाहीत. तिचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, आणि वर्गाकडे वळून विचारलं, "आणखी कुणी?"